कीर्द, खतावणी आणि दोन चंद्र

माझे बाबा सांगलीत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. हंगामात दुकानातलं काम दुकानात संपायचं नाही. मग रात्री जेवणं उरकली की स्वयंपाकघरातल्या बल्बखाली ते दोन लांबट वह्या उघडून बसत. एक रोजकीर्द, दुसरी खतावणी. दिवसभरात जे घडलं ते घडलं त्या क्रमाने कीर्दीत लिहायचं आणि तेच पुन्हा ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत चढवायचं. मला तेव्हा हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. एकदा लिहिलेलं परत कशाला लिहायचं?

आज मी अद्भुतरम्य कादंबऱ्यांची मालिका लिहिते. पाच भाग ठरवलेत, तीन बाजारात आहेत, चौथा टेबलावर आहे. आणि माझ्या टेबलावरही त्याच दोन वह्या आहेत.

या वाटेला येऊ पाहणारी मुलंमुली भेटली की पहिला प्रश्न असतो, “कल्पना सुचतात कशा?” कल्पना सुचतात हो. आंघोळ करताना, एसटीत, दुसऱ्याच्या लग्नात पंगतीत बसल्यावर सुचतात. पहिल्या भागाच्या दीडशेव्या पानावर आपण काय लिहून बसलो होतो, हे तिसऱ्या भागाच्या दोनशेव्या पानावर लक्षात कसं ठेवायचं, हे मात्र कुणी विचारत नाही. लेखनातला माझा बराच वेळ त्यात जातो, म्हणून तेच सांगते.

पहाटे पाचला उठते. साडेपाचपर्यंत चहा आणि खतावणी. नवीन काही लिहायचं नाही, आज जी माणसं प्रसंगात येणार आहेत त्यांची खाती फक्त वाचायची. मग आठपर्यंत लेखन. माझा रोजचा रतीब 600 शब्दांचा. ऐकायला कमी वाटतो, पण 180 दिवस घातला तर 1 लाख 8 हजार शब्द होतात आणि तेवढ्यात माझा एक भाग बसतो. प्रत्यक्षात एका भागाला दोन वर्षं लागतात, कारण त्या 180 दिवसांतले बरेचसे पुढे खोडण्यात जातात. आठनंतर पोटापाण्याचं काम, म्हणजे माहितीपुस्तिकांची भाषांतरं. संध्याकाळी पाच-दहा ओळींची कीर्द: आज कुठलं प्रकरण, कोण कुठून कुठे गेलं, कुणाला जखम झाली, कुणी कुणाला काय शब्द दिला. रविवारी हे सगळं खतवायचं.

खतावणीत प्रत्येक माणसाला एक पान असतं. गावालाही असतं आणि नाव असलेल्या प्रत्येक जनावरालाही. पानाच्या एका बाजूला नावे, दुसऱ्या बाजूला जमा. वाचकाला काही दाखवून ठेवलं, एखादी कुलूपबंद पेटी, म्हाताऱ्याने अर्धवट सोडलेलं वाक्य, न उलगडलेला शाप, की ते माझ्या नावे पडलं. पुढे कधीतरी त्याचा उलगडा केला की जमा. एकाच पुस्तकात हे हिशेब डोक्यात राहतात. मालिकेत नाही राहत, कारण वाचकाने मधली दोन वर्षं तुम्हाला उधारीवर माल दिलेला असतो आणि त्याच्या लक्षात असतं.

ही अक्कल मला आधीपासून नव्हती. पहिला भाग मी वहीशिवाय लिहिला. त्यात एक कुटुंब रातोरात बैलगाडीतून पळतं आणि उजाडताना तीस कोसांवरच्या गावात पोचतं. पुस्तक आल्यावर वाळव्याकडच्या एका वाचकाचं पत्र आलं. घरात पिढ्यान्‌पिढ्या बैल असलेला माणूस. त्याने लिहिलं होतं, “बाई, तुमच्या गोष्टीत झाडं बोलतात ते मी मान्य केलं. पण बैल एका रात्रीत तीस कोस जात नाहीत.” कोस म्हणजे साधारण तीन किलोमीटर. तीस कोस म्हणजे नव्वद. भरलेली गाडी तासाला तीन-चार किलोमीटर जाते, मधे बैल सोडावे लागतात, वैरण-पाणी करावं लागतं. पंचवीस किलोमीटर ही दिवसाची बरी मजल. वाचक अशक्य गोष्टी मुकाट गिळतो, पण शक्य गोष्ट चुकली की घास अडकतो. तेव्हापासून माझ्या नकाशावर अंतरं कोसात नसतात. पायी किती दिवस, गाडीने किती, घोड्यावर किती आणि पावसाळ्यात किती, अशी असतात.

चंद्राचंही तेच. आपला एकच चंद्र आणि तोही लेखकांना नीट सांभाळता येत नाही. पौर्णिमेचा सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढे रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, हे न बघता मध्यरात्री पूर्वेला द्वितीयेची कोर टांगणाऱ्या कथा मी वाचल्या आहेत. मी शहाणी, मी दोन चंद्र घेतले. एकाचा फेरा 30 दिवसांचा, दुसऱ्याचा 45 दिवसांचा. म्हणजे दोन्ही पौर्णिमा दर 90 दिवसांनी एकत्र येतात, आणि त्या रात्री माझ्या देशात मोठी जत्रा भरते. कल्पना झकास होती. त्यापायी गेली सहा वर्षं मी एक्सेलमध्ये पंचांग भरतेय. नवीन लिहिणाऱ्याला माझा प्रेमळ सल्ला आहे: एकच चंद्र घ्या.

संशोधन म्हणजे ग्रंथालयात बसणं, असा समज असतो. बसावं लागतंच, पण मला जास्त उपयोग झाला तो पायांचा. माझ्या गोष्टीत घाटमाथ्यावर एक जकातनाका आहे, चारही बाजूंचे धागे तिथे येऊन अडकतात. तो तीन वेळा लिहिला आणि तिन्ही वेळा तो सिनेमाच्या सेटसारखा दिसला. शेवटी जुन्नरकडचा नाणेघाट बघायला गेले. कल्याण आणि सोपारा या बंदरांकडून जुन्नरकडे येणारी ही सातवाहनकाळातली व्यापारी वाट. वर लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण, जकातीची नाणी त्यात टाकत असं लोक सांगतात. पण यातलं काही मी उचललं नाही. मी कोकणाच्या बाजूने, वैशाखऱ्याकडून चढले. अडीच तास लागले. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंचा कातळ जवळ येतो आणि वरून वारा असा उतरतो की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. तेव्हा कळलं की माझ्या नाक्यावरचे कारकून ओरडूनच बोलत असणार, सगळी गुपितं खाणाखुणांनी चालत असणार. एवढ्या एका गोष्टीवर नाका उभा राहिला.

आता भाषा. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण बाहेरच्या मालिका वाचून जे लिहायला बसतात ते हमखास इथेच घसरतात.

माझ्या जगात पोर्तुगीज कधी आले नाहीत. मग तिथे बटाटा नाही, मिरची नाही, पगार नाही आणि चावीही नाही, कारण हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांबरोबर आले. फारसी-अरबी काढायला लागलात तर कागद गेला, खुर्ची गेली. पहिल्या खर्ड्यात मी हे सगळं काढलं होतं. माणसं आसनावर बसून भूर्जपत्रं वाचत होती, अगदी पौराणिक नाटकासारखी. वाचवेना. मग ठरवलं, ज्या शब्दाचं मूळ अंगावर दिसतं तोच काढायचा. खुर्ची राहिली. मिरची गेली, तिच्या जागी मिरी आणि पिंपळी आली, कारण पदार्थच नसेल तर शब्द कुठून असणार. सोमवार-मंगळवार गेले. आणि “आठवडा” गेला. माझ्याकडे बाजार दर पाच दिवसांनी भरतो आणि त्या शब्दात तर उघडउघड आठ बसलेत. “हप्ता” बघितला तर त्यात फारसीतले सात. दोन दिवस डोकं खाजवल्यावर आजीची भाषा आठवली. तिचा काळ बाजारावर मोजला जायचा: “दोन बाजार झाले, पोरगी आली नाही.” प्रश्न मिटला.

भुताखेतांना मात्र जपून हात लावा. राक्षस म्हटलं की वाचकाच्या मनात शिंगं आणि मिशा येतात, तुम्ही काहीही वर्णन करा. राखणदार, देवचार, चकवा, आसरा हे कोकणातले आणि घाटावरचे शब्द घेतलेत तर त्यांचे नियमही घ्यावे लागतात. आसरा पाण्याशीच असतात. त्यांना डोंगरमाथ्यावर नेऊन बसवलंत तर आधी तुमची मावशीच तुम्हाला फोन करेल.

आणि खतावणीतला सगळ्यात उपयोगी रकाना: कोण कुणाला काय म्हणतं. तू, तुम्ही, आपण. माझी राणी सेनापतीला दरबारात “आपण” म्हणते, एकटी असताना “तू”. दोघांचं बिनसतं तेव्हा मी तिसऱ्या भागात भांडण लिहिलंच नाही. एकांतात ती त्याला पहिल्यांदा “तुम्ही” म्हणाली, बस. सगळ्यात जास्त पत्रं मला त्या पानावर आली. पण हे हत्यार दोन्हीकडून कापतं. दुसऱ्या भागात नवव्या प्रकरणात एक शिष्य गुरूच्या बहिणीला चुकून “तू” म्हणून गेला, आणि त्यांच्यात काहीतरी आहे असा तर्क वाचकांनी लगेच बांधला. काही नव्हतं. माझी डुलकी होती. आता आहे, कारण तिसऱ्या भागात ते निस्तरावं लागलं.

छापखान्याच्या वाटेवर आणखी एक खड्डा आहे. माझ्या नायिकेचं गाव दऱ्याण, खोल दरीतलं. हस्तलिखित युनिकोडमध्ये दिलं, पानं लावताना ते दुसऱ्या फाँटमध्ये गेलं आणि पहिल्या प्रुफात सगळीकडे “दर्याण” झालं. दऱ्याचा दर्या झाला. डोंगरातलं गाव समुद्रकाठी गेलं. वर मुद्रितशोधन करणाऱ्या काकांनी माझी बनवलेली नावं प्रेमाने “शुद्ध” केली होती, त्यात त्यांची चूक काहीच नाही. तेव्हापासून हस्तलिखिताबरोबर मी नावांची चार पानी यादी देते: हे असंच, चूक समजू नये. ऑडिओबुकसाठी तीच यादी निवेदकाला जाते, उच्चारांसकट. ऐकणारे वाढलेत, स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप 2017 साली भारतात आल्यापासून तर फारच, आणि ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. म्हणून हल्ली नवीन पात्राचं नाव मी आधी मोठ्याने म्हणून बघते. सारंगा आणि सारजा कागदावर वेगळ्या असतात, कानाला त्या बहिणी वाटतात.

पैशाचं लवकर सांगते. पहिला भाग हजार प्रती, किंमत 350 रुपये, मानधन 10 टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर 35 हजार, त्यातून टीडीएस वजा. त्या खपायला तीन वर्षं लागली. नोकरी सोडू नका.

त्याहून महत्त्वाचा करार. तिसरा भाग आला तेव्हा माझा पहिला भाग बाजारात शिल्लक नव्हता आणि माझ्या तेव्हाच्या प्रकाशकांना पुन्हा छापायची घाई नव्हती. पहिला भाग मिळत नसलेल्या मालिकेचा तिसरा भाग कोण घेणार? वर्षभर फोन केले. करारात तसं कलमच नव्हतं. तुम्ही ते घालून घ्या: अमुक महिने पुस्तक बाजारात नसेल तर हक्क लेखकाकडे परत. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 19 वं कलम एकदा शांतपणे वाचा. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ई-पुस्तक, ऑडिओ, भाषांतर वेगवेगळं लिहून घ्या. “सर्व हक्क” या दोन शब्दांवर सही करताना माझा हात थरथरला नव्हता, थरथरायला हवा होता.

“मराठीत फँटसी कोण वाचतं?” हे ऐकायची तयारी ठेवा. 1861 साली आलेली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ ही मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्यांपैकी एक, आणि ती अद्भुतरम्यच आहे. हे सांगून समोरचा गप्प बसत नाही, पण आपल्याला जरा बरं वाटतं.

दिवाळी अंकात आपल्या जगातली एखादी सुटी कथा द्यावी का? द्यावी. नवीन वाचक तिथूनच येतो. फक्त कथेत लिहिलेलंही खतावणीत चढवा. मी एका दिवाळीत सेनापतीच्या लहानपणाची गोष्ट दिली आणि त्यात त्याला मोठा भाऊ देऊन टाकला. पहिल्या भागात तो “आईचं एकुलतं एक” आहे. तो भाऊ आता सावत्र आहे.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. माझ्या कादंबऱ्या त्यांनी वाचलेल्या नाहीत, असल्या गोष्टींत त्यांचं मन रमत नाही. गेल्या महिन्यात टेबलावर पडलेली खतावणी मात्र त्यांनी चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचली. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, “जकातनाक्यावर एक पोरगं ठेवलंयस. पहिल्या भागात, तिसऱ्या प्रकरणात. बाप म्हणाला, संध्याकाळपर्यंत येतो. त्याच्या खात्यावर पुढे काहीच नाही.”

मी वही उघडून बघितली. खरंच नव्हतं. तीन पुस्तकं, सहा वर्षं, ते पोर नाक्यावर उभं.

“आला का बाप?” त्यांनी विचारलं.

चौथ्या भागाचं पाचवं प्रकरण मी परवापासून पुन्हा लिहायला घेतलंय.