लॅपटॉप तापतोय? खर्च करण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या घरी वरच्या खोलीच्या भिंतीला दुपारी हात लावला तर चटका बसतो. त्याच खोलीत माझी भाची ऑनलाइन क्लास करते. गेल्या उन्हाळ्यात तिचा लॅपटॉप इतका रेंगाळू लागला, की माउस हलवला तर बाण मागाहून यायचा. दुकानात नेला. रॅम वाढवा म्हणाले, वाढवली. मग फॉरमॅट करा म्हणाले, केला. सकाळी ठणठणीत, दुपारी पुन्हा तेच रडगाणे. सकाळ आणि दुपार यांत फरक का पडतो, हे कुणी विचारलेच नाही. मीही नाही.

ही पहिली चूक, आणि खिशाला सगळ्यांत जड. तापलेला लॅपटॉप एकदम बंद पडत नाही, आधी मंद होतो. बऱ्याच प्रोसेसरची, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य चिपची, मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथवर पोचला की तो आपणहून वेग कमी करतो. तेवढ्याने भागले नाही तरच मशीन बंद होते.

आत काय चालते

प्रोसेसरवर तांब्याची पट्टी बसवलेली असते आणि दोघांच्या मधल्या बारीक फटी थर्मल पेस्ट भरून काढते, कारण फटीतली हवा उष्णता जवळजवळ वाहूनच नेत नाही. पट्टीपासून एक चपटी नळी निघते, ती हीट पाइप. ती भरीव तांब्याची वाटते, पण असते पोकळ. आतली हवा काढून थोडेसे पाणी ठेवलेले असते. दाब कमी असल्यामुळे हे पाणी १०० अंशांच्या कितीतरी आधीच वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढावे तसे आतल्या अस्तरातून परत येते. आपला खसचा कूलर पाण्याची वाफ होऊ देऊन गारवा देतो, म्हणून त्यात सारखे पाणी भरावे लागते. इथे तेच पाणी वर्षानुवर्षे फिरत राहते. थंड टोकाला पातळ पात्यांची जाळी असते आणि पंखा तिच्यातून हवा ढकलतो.

म्हणजे शेवटी सगळी भिस्त खोलीतल्या हवेवर. खोली २५ अंशांवर असेल तर ९५ अंशांपर्यंत ७० अंशांचे अंतर मिळते. खोली ४३ वर गेली की उरतात ५२. त्याच पंख्याने उष्णता साधारण पाव हिस्सा कमी बाहेर पडते. ग्वाल्हेरच्या लूमध्ये, म्हणजे उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यांत, जुना लॅपटॉप हिवाळ्यासारखा चालावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

गादी, ओला टॉवेल आणि बॅग

बहुतेक लॅपटॉप हवा खालून ओढतात. गादीवर किंवा रजईवर ठेवला की खालच्या फटी बुजतात. ताट उपडे घालून त्यावर ठेवला तरी चालेल, कूलिंग पॅडच हवा असे नाही. माझ्या मते आत धूळ असताना पॅड विकत घेणे म्हणजे नाक चोंदलेल्याला पंखा घालणे.

आमच्या काकांनी एकदा ओला टॉवेल पिळून लॅपटॉपखाली पसरला. "अहो काका, माठ आहे का तो?" फ्रिजमध्ये ठेवणे त्याहून वाईट: बाहेर काढल्यावर आत दव धरते. कूलरच्या खोलीत बसणे चांगलेच, फक्त शिंतोडे येतील इतक्या जवळ नको. आणि स्लीपवर टाकून बॅगेत कोंबू नका. मधेच जाग आली तर मशीन बॅगेतच शिजते.

कानाने आणि हाताने ओळखा

पंखा गिरणीसारखा ओरडतो आणि बाहेरच्या फटीतून हवा जेमतेम येते: धूळ. हवा जोरात येते पण कोमट, आणि प्रोसेसरचे तापमान मात्र चढलेले: पेस्ट वाळली आहे किंवा हीट सिंक (ती पट्टी, नळी आणि जाळी मिळून) नीट टेकलेला नाही. आवाजच नाही आणि तळ भाजतो: पंखा गेला. काहीही उघडलेले नसताना तापतो: टास्क मॅनेजरमध्ये (विंडोजमधली चालू प्रोग्रामची यादी) बघा, एखादा प्रोग्राम आतून त्याला राबवत असतो.

भाचीच्या लॅपटॉपमध्ये धूळ निघाली. आंधीची माती आणि कापसाचे तंतू मिळून पंखा आणि पात्यांच्या मधोमध नमद्यासारखा थर बसला होता. बाहेरून टॉर्च मारून तो दिसत नाही. चिमट्याने ओढला तर अख्खी पट्टी हातात आली.

उघडताना

चार्जर काढा, मशीन पूर्ण बंद करा, तळ उघडताच आधी बॅटरीची पिन सोडवा. स्क्रू ज्या जागचे त्याच क्रमाने कागदावर चिकटवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर आतले काहीतरी फुटते. ब्लोअर मारण्याआधी पंख्याची पाती काडीने धरून ठेवा. मी धरली नव्हती. भिरभिर फिरताना मौज वाटली, दुसऱ्या दिवसापासून पंखा खरखरू लागला.

पेस्ट बदलायची तर जुनी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि नवीन थोडीच लावा. जास्त लावल्याने गारवा वाढत नाही. मेमरी चिपवरचे मऊ पॅड काढून तिथे पेस्ट फासू नका, ती फट पेस्टने भरण्याइतकी लहान नसते. हीट सिंकच्या स्क्रूंवर १, २, ३, ४ असे आकडे असतात; त्याच क्रमाने थोडे थोडे आवळा.

मात्र टचपॅड वर आला असेल किंवा तळ टेबलावर डुगडुगत असेल, तर यातले काहीच करू नका. बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, मशीन बंद करा, न दाबता कारागिराकडे न्या.