आईबाबांची धाकधूक कमी करायची तर

‘मला चिंता वाटते’ असं सत्तरीपुढची माणसं सहसा म्हणत नाहीत. ‘पोटात कसंतरी होतंय’, ‘छातीत धडधडतंय’, ‘रात्रभर डोळ्याला डोळा नाही’ असं म्हणतात. मुलगा ऐरोलीहून ठाण्याला यायला निघाला की वीस मिनिटांत तीन फोन होतात. लिफ्ट अडकेल या भीतीने सातव्या मजल्यावरून खाली उतरणं थांबतं. म्हणून तक्रारींपेक्षा वागण्याकडे बघा. गेल्या वर्षभरात काय काय करणं बंद झालं, त्याची यादी करा. पुढे ती लागणार आहे.

आधी शरीर तपासून घ्या. थायरॉईडचं काम वाढलं, साखर उतरली, हृदयाचे ठोके अनियमित झाले, रक्त कमी झालं, तरी अगदी अशीच घालमेल होते. फॅमिली डॉक्टरांकडे जाताना औषधांची सगळी पिशवी न्या. दम्याचा पंप, डेरिफायलिन, स्टेरॉइड, केमिस्टकडून परस्पर आणलेल्या सर्दीच्या गोळ्या, या सगळ्यांनी धडधड होऊ शकते. टीएसएच (थायरॉईडची तपासणी), सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), साखर, सोडियम आणि ईसीजी यांबद्दल विचारा. विसराळूपणाही वाढला असेल तर तेही सांगा, कारण स्मृतिभ्रंशाची सुरुवात कधीकधी अशीच होते. दुपारी तीननंतरचा चहा बंद करायचा, पण एकदम नाही. तीन-चार दिवसांनी अर्धा-अर्धा कप कमी करा, नाहीतर डोकं दुखतं. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, दम लागलाय, तर ‘घाबरली असेल’ म्हणून थांबू नका, 108 ला फोन करा.

आता खरी अडचण, आणि ती बहुतेक घरांत मायेपोटीच होते. प्रत्येक फोनला ‘मी ठीक आहे’ म्हणायचं, बँकेचं काम आपणच करायचं, एकटं कुठे सोडायचं नाही. यातून सुटका मिळते, पण दहा मिनिटांची. मन एवढंच शिकतं, की फोन केला म्हणून संकट टळलं. पुढच्या वेळी फोन आणखी लवकर येतो. म्हणून दोघंही शांत असताना ठरवून घ्या: निघताना एक फोन, पोहोचल्यावर एक. मध्ये आला तर जरूर उचला, पण खात्री देत बसू नका. ‘आई, धाकधूक सुरू झालीय ना? श्वासाचा सराव सुरू कर, पोहोचलो की फोन करतो’ एवढंच, प्रेमाने (सराव पुढे दिलाय). पहिल्या आठवड्यात फोन वाढतात, चिडचिडही होते. बहुतेक घरं इथेच माघार घेतात. तेवढा आठवडा घरातल्या सगळ्यांनी सारखंच वागायला हवं. एकाने नियम पाळला आणि दुसऱ्याने मोडला तर भीती पुन्हा बळावते.

बंद झालेल्या गोष्टी पायरीपायरीने परत आणायच्या. यादीतल्या प्रत्येक गोष्टीला आईबाबांनाच भीतीचे 0 ते 10 गुण द्यायला सांगा आणि तीनच्या आसपास भीती असलेल्या गोष्टीपासून सुरू करा. समजा, एकदा चक्कर आल्यापासून बाबांनी बाहेर जाणं सोडलंय आणि त्यांना ठाण्यातल्या तलावाकाठी, तलावपाळीवर, एकट्याने जायचंय. पहिली पायरी, सोसायटीच्या आवारात तुमच्यासोबत दहा मिनिटं. मग आवारात एकटे, तुम्ही बाल्कनीत. मग कोपऱ्यावरून दूध. मग रिक्षाने दोघं तलावपाळीला, सकाळी, कारण शनिवार-रविवारच्या संध्याकाळी गर्दी फार असते. मग तुम्ही कट्ट्यावर, ते फेरी मारतील. शेवटी एकटे. नवी मुंबईत हीच पायरी वाशीचा मिनी सीशोअर किंवा जवळचं विरंगुळा केंद्र असू शकतं.

एक पायरी आठवड्यातून निदान चारदा. भीती वाढलेली असताना परत फिरू नका. जागेवर बसून ती निम्म्यावर येईपर्यंत थांबा, वीस-तीस मिनिटं लागू शकतात. ऐन धडधडीत घरी आणलं तर पुढची खेप अवघड होते. मात्र खरा धोका वेगळा: झोपून उठल्यावर बीपी उतरतं का ते आधी बघा, काठी आणि न घसरणाऱ्या चपला द्या, निसरड्या पावसात हट्ट धरू नका.

श्वासाचा सराव धडधड नसताना करायचा, दिवसातून दोनदा पाच मिनिटं. नाकाने चार आकडे आत, सहा आकडे सावकाश बाहेर, रोखायचा नाही. मोठमोठे श्वास घेतले तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती दुप्पट होते. दम्याचा त्रास असेल तर आकडे सोडा, ओठांचा चंबू करून हळू सोडणं पुरे.

संध्याकाळी पाचला वीस मिनिटं काळज्या वहीत लिहाव्यात. रात्री काळजी आली की स्वतःला सांगायचं, ‘उद्या पाचला’. पोलीस असल्याचं भासवून फोनवरच ‘अटक’ करणाऱ्या भामट्यांच्या, म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’च्या फोनने अनेक ज्येष्ठ हादरतात. कायद्यात अशी अटक नसते. 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या मन शांत करणाऱ्या गोळ्यांनी लगेच बरं वाटतं, पण तोल जातो, पडणं आणि विसरणं वाढतं. मनाने सुरू करू नका, चालू असतील तर एकदम बंदही करू नका. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रामसारख्या चिंता-नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला अस्वस्थता वाढू शकते. या औषधांनी सोडियम उतरू शकतं, विशेषतः बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. गुंगी किंवा गोंधळ दिसला तर लगेच तपासून घ्या.

दोन आठवड्यांनंतरही झोप, जेवण, बाहेर जाणं बिघडलेलंच असेल तर मदत घ्या. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मोफत, मराठीतही. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून आहे. नावाला घाबरून अनेकजण जात नाहीत, पण बाह्यरुग्ण विभागात दाखवणं म्हणजे भरती होणं नव्हे. ‘आता जगून काय करायचं’ असं ऐकू आलं तर त्याच दिवशी दाखवा, त्यांना एकटं ठेवू नका. जाताना सुरुवातीची ती यादी आणि औषधांची पिशवी दोन्ही बरोबर न्या.