घोळणा फुटला की या चुका टाळा

रात्री दोन वाजता मुलगा झोपेतून उठून आला, म्हणाला आई नाक गळतंय, लाईट लावून बघते तर बनियन, उशी, पार कोपरापर्यंत रक्तच रक्त. मग मी काय केलं, तर लहानपणी माझा घोळणा फुटला की जे करायचे तेच, त्याला उताणं झोपवलं, मान मागे करायला लावली आणि कपाळावर गार पाणी थापत बसले. बाहेर येणारं रक्त बंद झालं म्हणून मला हायसं वाटलं, पण अर्ध्या तासाने त्याला काळपट गाठींची उलटी झाली आणि माझी पाचावर धारण बसली. डॉक्टर म्हणाले की आतून काही झालेलं नाही, तुम्हीच त्याला रक्त गिळायला लावलंत.

तर पहिली चूक हीच, मान मागे टाकणं. त्याने रक्त थांबत नाही, फक्त दिसायचं बंद होतं, ते घशातून पोटात जातं आणि पोटाला रक्त सोसत नाही म्हणून मळमळतं, उलटी होते. ताठ बसायचं, किंचित पुढे वाकायचं, हनुवटीखाली वाटी किंवा टॉवेल धरायचा, तोंडाने श्वास घ्यायचा आणि तोंडात आलेलं रक्त थुंकायचं.

दुसरी चूक बहुतेक सगळेच करतात, नाक भलत्याच जागी दाबतात. चष्मा टेकतो तिथलं हाड कितीही दाबा, उपयोग शून्य. साधारण दहातल्या नऊ वेळा रक्त येतं ते नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागातून, तिथे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं अगदी पातळ त्वचेखाली असतं. डॉक्टर त्याला लिटल्स एरिया म्हणतात, लिटल नावाच्या अमेरिकन सर्जनने १८७९ मध्ये या जागेबद्दल लिहिलं होतं. म्हणजे दाबायचा तो हाडाच्या खालचा मऊ भाग, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत, दोन्ही नाकपुड्या एकदम.

आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दर मिनिटाला हात काढून "थांबलं का बघू" करणं. अहो, तिथे नुकती धरायला लागलेली गाठ तुम्ही प्रत्येक वेळी मोडताय! सलग दहा ते पंधरा मिनिटं दाबायचं, मोबाईलवर टायमर लावायचा, कारण घाबरलेल्या माणसाला तीन मिनिटं म्हणजे दहा वाटतात, मला तर दोनच मिनिटं दहासारखी वाटली असती. थांबलं नाही तर परत तेवढाच वेळ, तेही न बघता.

कापूस किंवा टिश्यूचे बोळे कोंबू नका, काढताना खपली त्याच्याबरोबर निघते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कपाळावर बर्फ ठेवायचा तर ठेवा, पण दाबणं सोडून नाही.

रक्त थांबलं की लगेच नाक शिंकरून साफ करायचा मोह होतोच, तो आवरा, पुढचा एक दिवस तरी नाक शिंकरायचं नाही, बोट घालायचं नाही, जड उचलायचं नाही, खूप गरम पिणं टाळायचं, आणि शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची.

सारखंच होत असेल तर दोन गोष्टी आधी तपासा, कोरडी हवा आणि बोटं. मुलांची नखं कापा (मोठ्यांचीही, आपण कबूल करत नाही एवढंच), नाकात सलाईनचे थेंब आणि झोपताना अगदी कडेला जरासं व्हॅसलिन. ॲलर्जीचा स्प्रे वापरणारे तो नेमका मधल्या पडद्यावर मारतात आणि मग म्हणतात स्प्रेने रक्त येतं. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, म्हणजे फवारा आपोआप बाहेरच्या बाजूला जातो.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा, आणि अशा माणसाला रक्त यायला लागलं तर वाट बघत बसू नका. अर्धा तास नीट दाबूनही थांबत नाही, डोक्याला किंवा नाकाला मार लागलाय, चक्कर येतेय, दाबून धरलं तरी रक्त घशात उतरतच राहतंय, तर थेट हॉस्पिटल. दोन वर्षांखालचं बाळ असेल तर रक्त थांबलं तरी दाखवाच. आणि लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून रक्तासोबत घाण वास येत असेल तर आत मणी, खोडरबर असलं काहीतरी अडकलेलं असू शकतं, ते चिमट्याने घरी काढायला जाऊ नका, आणखी आत जातं.

आमच्याकडे शेवटी एकाच बाजूने वारंवार यायला लागलं म्हणून नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी आधी बधिर करून सिल्व्हर नायट्रेटची काडी टेकवली आणि ती बारीक नस बंद केली, पाचेक मिनिटांचं काम, डोळ्यातून पाणी आणि शिंका मात्र भरपूर.