वारीतल्या मदतकेंद्राचे स्वयंसेवक: प्रशिक्षणात या चुका टाळा

आषाढी वारीच्या तोंडावर मदतकेंद्रासाठी माणसं गोळा होतात. नर्सिंगच्या विद्यार्थिनी, एनएसएसची मुलं, निवृत्त शिक्षक, एखादा किराणा दुकानदार. सगळ्यांना एकाच हॉलमध्ये बसवून स्लाइड दाखवणं ही नेहमीची चूक. ड्रेसिंग शिकवताना नर्सिंगच्या मुली जांभया देतात, आणि सीपीआरचे, म्हणजे हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर द्यायचे, मिनिटाला १०० ते १२० दाब ऐकून दुकानदाराला धडकी भरते. त्याला औषधसाठ्याची वही द्या. भर गर्दीत हिशेब ठेवणं त्याच्या हाताला बसलेलं असतं.

"काय शिकायचंय?" असं फॉर्मवर विचारूनही फार काही कळत नाही. जो तो "प्रथमोपचार" लिहून मोकळा होतो. त्यापेक्षा नोंदणीच्या वेळीच ओआरएसचं पाकीट आणि भांडी पुढ्यात ठेवा, करायला सांगा. लिटरभर पाण्यात कालवायचं पाकीट एका पेल्यात ओतणारे तिथेच सापडतात. शिकलेलेही त्यात असतात, बरं का.

सर्वांत महागात पडते ती वेगळीच चूक: वर्षानुवर्षं वारी चाललेल्या माणसाला श्रोत्यांत बसवणं. चुकामूक झालेली आजी तंबूत आली की शहरातला मुलगा मोबाइल नंबर विचारत बसतो. वारकरी विचारतो, "माउली, दिंडी कितवी? रथापुढची की रथामागची?" दिंड्या ठरलेल्या क्रमानं चालतात, त्यामुळे एवढ्यावर शोध निम्मा होतो. हे सत्र त्यालाच घेऊ द्या, डॉक्टरांना नको.

प्रशिक्षण होऊनही ऐन वेळी हात थबकत असतील, तर सराव खऱ्या प्रसंगांवर झाला होता का ते तपासा. पुणे ते सासवड ही लांबची चाल, त्यात दिवे घाटाचा चढ. समजा, एकादशीचा उपवास धरलेले, मधुमेहाची गोळी घेतलेले आजोबा घाम फुटून थरथरताहेत, म्हणजे रक्तातली साखर उतरली असावी. शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल, तर साखरपाणी. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून १०८ ला फोन. श्वास चालू आहे ना, यावर लक्ष. हे जोडीजोडीनं करून घ्या. मधुमेह्याच्या तळव्याला जखम झाली तरी कधी कधी जाणवत नाही, म्हणून "दुखतंय का?" विचारून थांबू नका, तळवा उलटून पाहायची सवय लावा.

आणि पहिल्या मुक्कामी रात्री, जेवणं उरकली की, कोण कुठे अडलं ते विचारून दुसऱ्या दिवशीच्या पाळ्या बदला.