ब्लॉगला ॲनालिटिक्स जोडताना: पहिल्या दिवशीच उरकायची कामं

ब्लॉगवर किती वाचक, कुठून येतात ते मोजणारं ॲनालिटिक्स जोडायचं प्लगइन (वर्डप्रेसमध्ये बसवायचा जोडप्रोग्राम) बसवायला दहा मिनिटं पुरतात. पण ही मोजणी मागच्या तारखेपासून सुरू करता येत नाही. आज जे मोजलं गेलं नाही ते उद्या सापडत नाही, आणि चुकीचं मोजलेलं नंतर दुरुस्त होत नाही. म्हणून खालची कामं पहिल्या लेखाआधी झालेली बरी.

इथे गृहीत धरलंय की ब्लॉग स्वतःच्या होस्टिंगवरच्या वर्डप्रेसवर आहे आणि जोडायचंय गूगल ॲनालिटिक्स ४, तेही गूगलच्याच 'साइट किट' प्लगइनमधून. वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत योजनेत प्लगइन बसवता येत नाही, तिथे त्यांची स्वतःची आकडेवारी वापरावी लागते. ब्लॉगरवर प्लगइनची गरजच नाही, सेटिंगमध्ये मेझरमेंट आयडी, म्हणजे ॲनालिटिक्सने तुमच्या ब्लॉगला दिलेली ओळखखूण, टाकायची चौकट असते. हा आयडी 'जी' आणि आडव्या रेघेने सुरू होतो. एखाद्या जुन्या व्हिडिओत 'यूए'ने सुरू होणारा आयडी दाखवला असेल, तर तो व्हिडिओ तिथेच बंद करा. त्या जुन्या ॲनालिटिक्सने १ जुलै २०२३ पासून नवी नोंद घेणं थांबवलं.

आधी गूगल खातं ठरवा. वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या खात्यावर ॲनालिटिक्स उघडू नका. तुमच्या खात्यावर उघडा आणि त्याला लागेल तेवढी परवानगी द्या. उलटं केलं की तो माणूस फोन उचलेनासा होतो त्या दिवशी तुमचे सगळे आकडे त्याच्याकडे अडकतात.

मग प्लगइन्स, ॲड न्यू, साइट किट, इन्स्टॉल, ॲक्टिव्हेट, आणि 'साइन इन विथ गूगल'. पुढच्या पडद्यावर परवानग्यांचे चौकोन असतात. घाईत ते रिकामे सोडले जातात आणि मग प्लगइन 'परवानगी अपुरी' म्हणून कुरकुरत राहतं. सगळ्या चौकोनांत खूण करा. सेटअप मधेच अडकला, तर बहुतेक वेळा एखाद्या सिक्युरिटी प्लगइनने वर्डप्रेसचा रेस्ट एपीआय (प्लगइन वर्डप्रेसशी बोलतात ती वाट) अडवलेला असतो. टूल्समधल्या साइट हेल्थमध्ये ते दिसतं.

जोडणी झाली की लगेच प्रत्यक्ष ॲनालिटिक्समध्ये जाऊन ॲडमिन उघडा. तिथे तीन गोष्टी पाहायच्या. टाइम झोन भारताचा आहे ना? तो अमेरिकेचा राहिला, तर आपली सकाळ त्यांच्या आदल्या दिवसात मोजली जाते आणि 'रविवारी वाचक जास्त' यासारखे निष्कर्ष साफ चुकतात. नंतर बदलला तरी जुने आकडे आहेत तसेच राहतात. दुसरं, डेटा रिटेन्शन, म्हणजे तपशीलवार नोंदी किती काळ ठेवायच्या ते. मुळात ते २ महिने असतं, ते १४ करा. नेहमीच्या अहवालांना त्याने फरक पडत नाही, पण 'एक्सप्लोर'मध्ये, म्हणजे स्वतः अहवाल रचायच्या विभागात, गेल्या दिवाळीशी या दिवाळीची तुलना करायची वेळ आली की २ महिन्यांच्या पलीकडे काही हाती लागत नाही. तिसरं, एन्हान्स्ड मेझरमेंट चालू आहे का. त्यातूनच बाहेरच्या दुव्यांवरचे क्लिक, फाइल डाउनलोड आणि पानाच्या ९० टक्क्यांपर्यंत केलेलं स्क्रोल आपोआप नोंदलं जातं.

आता तपासणी. बरेच जण वर्डप्रेसमध्ये लॉगिन असतानाच आपला ब्लॉग उघडतात, रिअलटाइममध्ये शून्य बघतात आणि घाबरून दुसरं प्लगइन बसवतात. साइट किट लॉगिन केलेल्यांना मुळातच मोजत नाही. इनकॉग्निटो खिडकीत किंवा फोनवर, जाहिरातरोधक बंद ठेवून ब्लॉग उघडा. रिअलटाइममध्ये शेवटच्या ३० मिनिटांतले वाचक दिसतात. बाकीचे अहवाल भरायला २४ ते ४८ तास लागू शकतात, तेवढा धीर धरावा.

तरीही शून्यच? मग कॅशे, म्हणजे पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रती, रिकामा करा. कॅशे प्लगइनमध्ये 'डिले जावास्क्रिप्ट' चालू असेल तर तेही पाहा. अशा वेळी वाचकाने स्क्रीनला हात लावेपर्यंत मोजणीचा कोड धावतच नाही, आणि पान उघडून लगेच परतणारा नोंदीतून निसटतो. आकडा उलट दुप्पट वाटत असेल, तर कोड दोनदा बसलाय: एकदा थीमच्या हेडरमध्ये कोणीतरी चिकटवलेला, एकदा प्लगइनचा. कंट्रोल-यू दाबून पानाचा सोर्स उघडा, आपला आयडी शोधा आणि एकच ठेवा.

मराठी ब्लॉगची खास डोकेदुखी म्हणजे देवनागरी पत्ता. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकातूनच पत्त्याचा शेवटचा तुकडा, म्हणजे स्लग, बनवतं आणि त्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीतलं एकेक अक्षर, मात्रा, अनुस्वार, हलन्त साठवताना प्रत्येकी ३ बाइट घेतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची टक्क्याच्या खुणेसह ३ चिन्हं होतात. म्हणजे एका मात्रेमागे ९ चिन्हं. 'कोल्हापुरी तांबडा पांढरा रस्सा' हे शीर्षक घ्या. 'कोल्हापुरी'ची ९०, 'तांबडा'ची ५४, 'पांढरा'ची ५४ आणि मधल्या दोन रेघा, झाली बरोबर २००. रस्सा पत्त्याबाहेर! शिवाय ॲनालिटिक्समध्ये हा पत्ता टक्क्यांच्या खुणांची लांबलचक रांग होऊन बसतो आणि कोणती ओळ कोणत्या लेखाची ते कळत नाही. अहवालात 'पेज पाथ'ऐवजी 'पेज टायटल' निवडलं की देवनागरी शीर्षक दिसतं. त्याहून बरं म्हणजे लेख प्रसिद्ध करण्याआधीच स्लग रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा लिहावा. नंतर बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवतं, पण त्याच लेखाचे आकडे दोन ओळींत विभागले जातात.

दुसरा घोळ व्हॉट्सॲपचा. लेखाचा दुवा कुटुंबाच्या आणि सोसायटीच्या ग्रुपांवर फिरतो, पण तिथून आलेला वाचक बहुधा 'डायरेक्ट' (कुठून आला ते माहीत नाही) खाली जमा होतो, कारण ॲप कुठून पाठवलं ते सांगत नाही. उपाय म्हणजे ग्रुपवर टाकायच्या दुव्याला यूटीएम शेपूट, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारे शब्द, जोडणं. सोर्समध्ये व्हॉट्सॲप, मीडियममध्ये सोशल, कॅम्पेनमध्ये लेखाचं छोटं नाव. सगळं रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत, कारण मोठं-लहान अक्षर बदललं की ॲनालिटिक्स ते वेगळं नाव धरतं. मीडियममध्ये मनाचा शब्द घातला तर ती भेट 'अनअसाइन्ड'मध्ये, म्हणजे कोणत्याच गटात न बसलेल्यांत, जाऊन पडू शकते.

'एंगेज्ड सेशन' हा आकडाही समजून वापरा. १० सेकंदांहून जास्त थांबलेली, किंवा दोन पानं पाहिलेली, किंवा तुम्ही ठरवलेली महत्त्वाची कृती केलेली भेट यात धरतात. चारोळ्यांचा ब्लॉग असेल तर वाचक आठ सेकंदांत वाचून, दाद देऊन निघून जातो आणि इथे तो 'न रमलेला' ठरतो.

साइट किटसोबत सर्च कन्सोलही, म्हणजे गूगल शोधात तुमचा ब्लॉग कसा दिसतो ते दाखवणारं गूगलचं साधन, जोडलं जातं. त्यातले क्लिक आणि ॲनालिटिक्समधल्या भेटी कधीच जुळत नाहीत, जुळवत बसू नका. एक गूगलच्या निकालपानावर मोजतं, दुसरं तुमच्या पानावर. सर्च कन्सोलचा खरा उपयोग म्हणजे लोक नेमके कोणते शब्द टाइप करून आले ते कळणं. पक्के आकडे दोनेक दिवस उशिरा येतात आणि १६ महिन्यांपर्यंतचे मिळतात. होस्टिंगच्या सी-पॅनलमधला मोठा आकडा मात्र कोणाला दाखवू नका, त्यात बॉटही, म्हणजे आपोआप पानं उघडणारे प्रोग्रामही, धरलेले असतात.

युरोपातले मराठी वाचक असतील तर तिथल्या नियमांनुसार कुकीसाठी आधी संमती घ्यावी लागते. साइट किटच्या सेटिंगमध्ये कन्सेंट मोड आहे, पण नुसतं ते बटण चालू करून भागत नाही. संमतीची पट्टी दाखवणारं, डब्ल्यूपी कन्सेंट एपीआयशी (वाचकाचा होकार-नकार बाकीच्या प्लगइन्सना कळवणाऱ्या व्यवस्थेशी) जुळणारं वेगळं प्लगइन लागतं. ते बसवल्यावर युरोपातला आकडा खाली येईल, कारण नकार देणारे पूर्वीसारखे मोजले जाणार नाहीत.