रानफुलांचं बी वाळूत मिसळून पेरा
बऱ्याच रानफुलांचं बी खसखशीएवढं बारीक. मुठीनं फेकलं की एका कोपऱ्यात दाटी, बाकी जागा बोडकी. न खणलेल्या वाफ्यात तर ते वरच्या पालापाचोळ्याच्या आच्छादनावरच अडकून वाळतं.

१. पालापाचोळा हाताने बाजूला सारा, माती उघडी दिसू द्या.
२. एक वाटी बियांना पाच वाट्या कोरडी वाळू. फिकट रंगाची घ्या, म्हणजे कुठे पडलं, कुठे राहिलं ते लगेच कळतं.
३. अर्धं मिश्रण उभं, अर्धं आडवं फेका. वर माती ओढू नका. फळी टाकून तिच्यावरून चाला, बी मातीला चिकटतं.

कंपोस्ट मात्र भाजीच्या वाफ्यासाठीच ठेवा. इथे टाकलंत तर गवतच माजेल.