टोचनच्या गाडीला जादा मीटर: कोणते घ्यावेत, कसे बसवावेत, काटा कसा वाचावा

खंडाळ्याच्या बाजूनं खंबाटकी चढताना मागं बंद पडलेला भरला ट्रक टोचन केलेला असेल, तर कंपनीच्या पाण्याच्या काट्यावर विसंबून राहू नका. पाणी तापायला मिनिटं लागतात, पिस्टनला इजा व्हायला तेवढा वेळ लागत नाही. त्यातून बऱ्याच गाड्यांत हा काटा मुद्दाम असा ठेवलेला असतो, की बरंच तापमान बदललं तरी तो मधोमधच उभा राहतो. तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो.

मीटर लावायचे ते क्रमानं: पहिला धुराच्या तापमानाचा, म्हणजे ईजीटी. मग टर्बोच्या बूस्टचा, म्हणजे टर्बो इंजिनात हवा किती दाबानं भरतो त्याचा, मग ऑइल प्रेशरचा, आणि जमलं तर पाण्याचा अंशांत आकडे दाखवणारा. पैसे एकाचेच असतील तर ईजीटीच घ्या. नुसता बूस्ट मीटर लावून समाधान मानणं म्हणजे इंजिनात हवा किती जाते ते कळणं आणि आत किती तापलंय ते न कळणं.

घेताना आधी व्होल्ट बघा. पिकअप आणि ट्रॅक्टर 12 व्होल्टचे, मोठे ट्रक 24 चे. कारच्या दुकानातला 12 चा मीटर ट्रकला लावला की जळालाच. दुसरं, मीटर आणि सेंडर (इंजिनावर बसून मीटरला वाचन पाठवणारा भाग) एकाच जोडीचे घ्या. एका पद्धतीच्या सेंडरचा रोध 10 ते 180 ओहम असतो, दुसऱ्याचा 240 ते 33, म्हणजे उलट्या दिशेनं जाणारा. जोडी चुकली तर काटा हलतो, पण खोटं सांगतो. ईजीटी मीटर निदान 900 अंश सेल्सिअसपर्यंतचा आणि के-टाइप थर्मोकपलचा (धुरात घालायचा, तापमान मोजणारा प्रोब) हवा. बूस्टला साध्या टर्बोसाठी 0 ते 2.5 बार पुरे.

आता खरं अवघड काम: थर्मोकपलसाठी मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांचा धूर टर्बोकडं नेणाऱ्या बिडाच्या नळीला, भोक पाडणं. गाड्या बिघडतात त्या इथंच.

जागा टर्बोच्या आधी, सगळ्या सिलिंडरांचा धूर जिथं एकत्र येतो तिथं. ‘टर्बोच्या पुढं सायलेन्सरच्या पाइपाला बसव आणि वाचनात 150 अंश मिळव’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नका. टर्बो धुरातली उष्णता खातो हे खरं, पण किती खाईल ते लोडवर ठरतं. फरक कायम नसतो, म्हणून ठरावीक आकडा मिळवून काहीच हाती लागत नाही, आणि जास्तीत जास्त चूक होते ती नेमकी चढावर. मॅनिफोल्डच्या आत मधली भिंत असेल, तर त्या भिंतीवर भोक येणार नाही हे आधी बघा.

दुसरा घातक सल्ला: ‘इंजिन चालू ठेवून ड्रिल मार, कीस धुराबरोबर उडून जाईल.’ जाईल तो टर्बोच्या पात्यांतूनच. मिनिटाला लाखाच्या घरात फिरणाऱ्या पात्याला बिडाचा एक कण पुरतो. मॅनिफोल्ड उतरवा. स्टड तुटण्याची भीती असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आणि गॅस्केट नवीन घ्या. उतरवणं शक्यच नसेल तर निदान टर्बो सोडवा, ड्रिल आणि टॅपला (आटे पाडायचं हत्यार) भरपूर ग्रीस लावा, दोन मिलिमीटर गेलं की बाहेर काढून पुसा, आणि शेवटी आतून लोहचुंबक व व्हॅक्यूम फिरवा. वेल्डिंगनं बॉस (आटे असलेली बुशी) चिकटवायला कुणी सांगितलं तर नको म्हणा. बिडावरचं वेल्डिंग गरम-थंड होऊन तडकतं.

बहुतेक प्रोबची फिटिंग 1/8 एनपीटी (अमेरिकन पद्धतीचे पाइपाचे आटे) असते. आधी 4 मिलिमीटरचं भोक, मग 8.7 चं, मग टॅप. साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडं पाठवत असाल, तर टॅप एनपीटीचाच हे तोंडानं सांगा. आपल्याकडं बीएसपीचे, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांचे, टॅप जास्त सापडतात. त्यात इंचाला 28 आटे, एनपीटीत 27. सुरुवातीला बसल्यासारखं वाटतं, मग आटे मरतात आणि धूर गळतो. एनपीटीचे आटे निमुळते असतात, म्हणून टॅप पूर्ण आत घालू नका. जरा घाला, काढा, फिटिंग लावून बघा. जास्त खोल गेलात तर फिटिंग कधीच आवळणार नाही.

प्रोबचं टोक पाइपाच्या मधोमध हवं: आतला व्यास 40 मिलिमीटर असेल तर 20 आत. भिंतीजवळ राहिलं तर वाचन कमी येतं. लांबी आधी मोजून खूण करा, कारण फिटिंगमधली रिंग एकदा आवळली की प्रोबला कायमची धरते. आट्यांना निकेलवालं अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावा. टेफ्लॉन टेप इथं जळून जाते.

वायर कापू नका आणि साध्या तांब्याच्या वायरनं वाढवू नका. जोड बॉनेटखाली 80 अंशांना, मीटर केबिनमध्ये 35 ला, म्हणजे काटा सुमारे 45 अंश कमी दाखवणार. चूक नेमकी धोक्याच्या बाजूची आहे. लागलीच तर के-टाइपचीच वाढीव वायर घ्या. काटा गरम होताना खाली जात असेल तर दोन टोकं उलटी लागली आहेत.

बाकीचं सोपं. बूस्टची नळी इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणारी जाळी) पुढं, इनटेक मॅनिफोल्डवरून घ्या. ऑइलच्या सेंडरचा टी (तीन तोंडांचा जोड) थेट इंजिनावर लोंबकळत ठेवू नका, थरथरून मोडतो. छोटा होज लावून सेंडर बॉडीवर बांधा आणि त्याला वेगळी अर्थिंग द्या.

वाचताना ईजीटी आणि बूस्ट या काट्यांची जोडी बघायची. लांब चढावर ईजीटी सलग 600 अंशांच्या आत असेल तर बिनधास्त चला. 680 ही सलग चालवण्याची वरची हद्द, 700 दिसले की पाय उचला. वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत असेल तर खालचा गिअर टाका: फेरे वाढतात, हवा वाढते, धुराचं तापमान उतरतं. वाईहून पसरणी घाटानं पाचगणीला, म्हणजे सुमारे 1300 मीटरवर जाताना हवा विरळ होते, तेव्हा त्याच लोडला काटा जरा वर राहणारच.

नेहमीच्या चढावर बूस्ट कमी, तापमान जास्त आणि धूर काळा, तर इंटरकूलरचा होज किंवा एअर फिल्टर बघा. ऊस हंगामातल्या धुळीत फिल्टर लवकर चोंदतो. बूस्ट ठीक असून तापमान जास्त असेल, तर कुणी डिझेल पंप वाढवून ठेवलाय का ते विचारा.

पाण्याचा काटा चढावर अचानक खाली आला तर खूश होऊ नका. पाणी कमी होऊन सेंडर कोरडा पडला की असंच होतं. गरम इंजिन आयडलवर असताना ऑइल 1 बारच्या खाली जाऊ लागलं, तर पुढचं टोचन घेऊ नका. माथ्यावर थांबल्यावर ईजीटी 200 च्या खाली येईपर्यंत इंजिन चालू ठेवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून चिकटतं.

बीएस6 गाडीला ड्रिल लावायच्या आधी सर्व्हिस मॅन्युअल बघा. टर्बोच्या आधी कंपनीचा सेन्सर असेल तर त्याचं वाचन डायग्नोस्टिक सॉकेटमधूनच घ्या. धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरजवळचा सेन्सर मात्र वेगळा. फिल्टरमधली काजळी जळून साफ होताना त्याचं वाचन 600 च्या वर जातं आणि चढाशी त्याचा संबंध नसतो.

प्रोब झिजतो. काटा पूर्वीपेक्षा आळसावला, पाय दिल्यावर उशिरा चढू लागला, की काढून टोक बघा. टोक खाल्लेलं दिसलं तर ते तुटून टर्बोत जायच्या आत बदला.